गाडी जिंकली, असं म्हणायचं नाही

जेल रोड, नाशिक
सोमवार, १६ फेब्रुवारी. दुपार.

हो, म्हटलं मी! मोठ्यानं म्हटलं, लोकांसमोर म्हटलं, आणि तू आत्ता समोर असतास तर परत म्हटलं असतं. "दत्तू नाही जिंकला, गाडी जिंकली." त्यात एवढं तोंड पाडून बसण्यासारखं काय होतं? गाडी तूच बनवलीस ना? मग कौतुक तुझंच झालं की. पण नाही. तू घरी येऊन आईला म्हणालास, "तिला सांग, हरायला पण शिकावं लागतं." आणि आई बिचारी वळून मला म्हणाली, "तो म्हणतोय, हरायला शिक." मी तिथंच बसले होते, दादा. तुझ्या शेजारी. आपल्या दोघांच्या मध्ये फक्त भाजीचं पातेलं होतं.

असो. जय भीम. पत्रात आधी खुशाली लिहायची असते म्हणून लिहिते. आई बरी आहे. पप्पा प्रेसमधून रिटायर झाल्यापासून टीव्हीचा आवाज वाढवून बसतात, म्हणजे तेही बरे आहेत. आपण एकाच घरात राहतो, त्यामुळे हे सगळं तुला माहीत आहे. दिवाळीपासून आपण दोघं फक्त आईमार्फत बोलतो, हेही माहीत आहे. परवा तू तिला म्हणालास, "विचार तिला, नळाला पाणी आल्यावर टाकी कोण भरणार?" मी म्हणाले, "त्याला सांग, ज्याच्या डोक्यात पाणी झालंय त्यानं." आई म्हणाली, "मी काय टपालखात्यात लागलेय का रे तुमच्या?" म्हणून हे पत्र. तिला जरा सुट्टी.

व्हॉट्सॲपवर लिहून उपयोग नाही. तू वाचतोस आणि दोन निळ्या टिका ठेवून निघून जातोस. कागद निदान हातात धरावा लागतो. तुझ्याच वर्कशॉपमध्ये बसून, तुझ्याच जॉबकार्डांच्या मागच्या बाजूला लिहितेय, कारण इथं दुसरा कागद नाही. तू सामान आणायला द्वारकाला गेलायस. माझ्याकडची जुनी चावी अजून चालते. तू कुलूप बदललं नाहीस हा तुझा चांगुलपणा समजू की आळस, ते ठरवलेलं नाही.

ती गाडी समोर उभी आहे. निळी. टाकीवरून हात फिरवला तर बोटाला धूळसुद्धा लागली नाही. काल संध्याकाळी मैदानावरून आणलीस आणि लगेच धुतलीस ना? माझी जुनी गाडी घरी जिन्याखाली चिखलासकट उभी आहे. मी काही म्हणत नाहीये. फक्त सांगतेय.

थांब, कोणीतरी शटर वाजवतंय.

उज्वला मॅडम होत्या, त्या कोपऱ्यावरच्या शाळेतल्या. स्कूटीचा आरसा तुटलाय. मी म्हटलं, दादा नाहीये, ठेवून जा. त्या आत आल्या आणि तुझी निळी बघत राहिल्या.

"हिचा ब्रेक कुठंय गं?"

"नसतो हिला, मॅडम."

"अगंबाई! आणि गिअर?"

"एकच."

"मग थांबता कसं?"

"थांबायचं नसतंच. डावीकडे वळत राहायचं. गोल ट्रॅक असतो ना मातीचा. वळणावर मागचं चाक घसरवायचं, डावा पाय जमिनीवर टेकवायचा आणि सुटायचं."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी त्या वर्गात गृहपाठ न करणाऱ्याकडे बघत असतील. मग भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "आणि हा तो रेसवाला ना? काय नाव त्याचं? दत्तू! आमच्या वर्गातली पोरं त्याचे व्हिडिओ बघतात. तू कोण त्याची?"

मी म्हटलं, "कोणी नाही. मी मेकॅनिकची बहीण."

"हो का? तू पण शिकून घे की त्याच्याकडून."

बरं मॅडम. शिकते.

आता मी लिहिणार आहे ते सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिणार, कारण माझ्या बाजूनं ते तू कधी ऐकलेलं नाहीस. ऐकायला सुरुवात केली की तुला नेमका एखादा नट घट्ट करायचा आठवतो.

मागच्या थंडीत तू ही फ्रेम कापायला घेतलीस, तेव्हा दिवा मी धरला होता. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी माझ्या कॉलेजच्या जॅकेटला भोकं पडली. टाकीला निळा रंग मी निवडला. तू लाल म्हणत होतास. मे महिन्यात मी पडले, डाव्या हाताला प्लास्टर लागलं, तरी स्टुलावर बसून उजव्या हातानं तुला पाने देत होते. "दहा नंबर." घे. "बारा." घे. तू एकदाही म्हणाला नाहीस की ही गाडी कोणासाठी आहे. मी एकदाही विचारलं नाही. आपल्या घरातली शेवटची पोळी कोणाची हे कोणी विचारतं का? ती माझीच असते.

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस तू मला इथं येऊ दिलं नाहीस. आईला म्हणालास, "सरप्राइज आहे." मी मैत्रिणींना सांगून टाकलं. हेल्मेटला नवीन काच बसवून घेतली. आणि सुट्टीत ज्या सकाळी तू बोलावलंस, त्या सकाळी मी आले, तर निळीवर दत्तू बसला होता.

दत्तू! पेठकडून कॉलेजला आलेला, तुझ्याकडे पंक्चर काढायला यायचा आणि चार तास बसायचा, सावळघाटात एका चाकावर गाडी चालवतानाचे व्हिडिओ टाकणारा. त्यानं तोपर्यंत लंकाबाईंचं रेसचं मैदान फक्त कुंपणाबाहेरून पाहिलं होतं.

तू चिंधीला हात पुसत म्हणालास, "ही दत्तू चालवणार."

मी म्हटलं, "आणि मी?"

"तुझी जुनी आहे की."

बस. एवढंच. नंतर चार महिने आई मधल्या मध्ये.

तुला वाटत असेल मला गाडी मिळाली नाही याचा राग होता. होता. पण गाडीचा राग उतरतो रे. तू त्याच्या शेजारी उकिडवा बसून त्याला हातवारे करून समजवायचास ना, वळण कुठं धरायचं, थ्रॉटल कुठं सोडायचा, ते मला बघवत नव्हतं. ती बसायची जागा माझ्याशेजारची होती. आणि आई! "दत्तूला ठेचा आवडतो" म्हणून तुझ्या डब्यात जास्तीची भाकरी. मी एकदा तो डबा उघडून त्यातला ठेचा काढून घेतला होता. तुम्हाला दोघांना वाटलं, आई विसरली.

आणि तो जिंकायला लागला. सगळ्यात जास्त राग कशाचा माहितेय? त्याच्या जिंकण्याच्या पद्धतीचा. लंकाबाईंचा इशाऱ्याचा टॉवेल खाली पडला की बाकीचे सुटायचे आणि हा मागं. दर वेळी शेवटचा. मग मागून एकेकाला बाहेरच्या बाजूनं ओलांडत यायचा, कुंपणाला घासत, माती उडवत. पब्लिक वेडं व्हायचं. मी म्हणायचे, नाटकं आहेत सगळी. मुद्दाम मागं राहतो, व्हिडिओ भारी निघावा म्हणून. तुझ्या इंजिनाच्या जिवावर कोणीही हिरो होईल.

हे मी मनात म्हणत होते तोवर ठीक होतं.

मागच्या रविवारी, म्हणजे आठ तारखेला, मी स्टार्टला पहिली सुटले. शेवटच्या फेरीपर्यंत पुढं होते. तो शेवटच्या वळणावर बाहेरून आला आणि निळं काहीतरी माझ्या उजव्या खांद्याजवळून निघून गेलं. त्यानं पलीकडं जाऊन दोन्ही हात वर केले. तू धावत गेलास. त्याच्याकडे. माझ्या अंगावरून धावत गेलास, दादा, आणि मला ओलांडताना तुझा हात माझ्या हँडलला लागला, तरी तू पाहिलं नाहीस. तेव्हा मी हेल्मेट काढलं आणि ते बोलले.

सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. द्राक्षांचा ट्रॅक्टर रस्त्यानं चालला होता, त्याचा आवाज तेवढा. कारण लंकाबाईंच्या मैदानावर तेवढं एक वाक्य बोलायचं नसतं. पूर्वी त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या, डोकी फुटायची. शेवटी जमीन त्यांची, म्हणून त्यांनीच नियम घालून दिला. हरलेला म्हणाला की गाडी जिंकली, तर पुढच्या रविवारी त्यानं जिंकणाऱ्याच्या गाडीवर बसायचं आणि जिंकणाऱ्यानं त्याच्या. दोघंच. चार फेऱ्या. मग परत त्या विषयावर बोलायचं नाही. बहुतेक लोक बोलतच नाहीत, कारण त्या गाडीवर बसूनही हरलात तर उरतं काय?

लंकाबाई छत्रीखालच्या खुर्चीवरून ओरडल्या, "कोन म्हनलं गं ते?"

"मी म्हटलं."

"सृष्टी? नवनाथची?" त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं. मंग पुढल्या आयतवारी बस त्याच्या गाडीवर. आन तू रं दत्तू, हिच्या डबड्यावर."

दत्तू हसत म्हणाला, "चालंल की. मॅडमचं डबडं लय फेमस हाय."

नियमाप्रमाणं तू नकार देऊ शकत होतास, गाडी तुझी होती; तू दिला नाहीस. मी आठवडाभर वाट बघत होते, तू आईमार्फत तरी म्हणशील, तिला सांग, नको बसू. मला ते हवं होतं की नको होतं, हे मी ठरवू शकले नाही.

आता कालचं.

काल मी जिंकले.

अर्ध्या चाकानं. पण जिंकले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. "गाडीच होती! गाडीच होती!" कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मी म्हटलं होतं ते खरं ठरलं. मला उड्या मारायला हव्या होत्या. मी निळीवरून उतरलेच नाही. तुला वाटलं असेल, मिरवतेय. मी माझ्या डाव्या हाताकडे बघत बसले होते.

कारण दादा, मी त्या गाडीवर बसले आणि डावा हात हँडलवर ठेवला, तेव्हा क्लचचा लिव्हर माझ्या हाताखाली आला. कसा आला ते सांगते. मी तो शोधला नाही. माझ्या जुन्या गाडीवर मला मे महिन्यापासून मनगट मागं वाकवून लिव्हरपर्यंत पोचावं लागतं, आणि तिथं एक कळ येते, ती मी कोणाला सांगितलेली नाही. स्टार्टला थांबलेले असते तेव्हा हेल्मेटमध्ये मी दात आवळून बसलेली असते. निळीचा लिव्हर खाली वळवलेला आहे. मनगट सरळच राहतं. आणि तो कापलेला आहे, दोन बोटांपुरता. करंगळी आणि शेजारचं बोट माझं अजून पूर्ण मिटत नाही, ती दोन्ही मुठीवर नुसती टेकून राहिली. स्प्रिंग इतकी मऊ की दोन बोटांत क्लच आत.

कापलेला लिव्हर मी लांबून कितीदा पाहिला होता. मला वाटलं, रेसिंगची स्टाइल आहे. सगळ्यांनाच वाटलं.

जुलैत प्लास्टर निघाल्यावर तू मला रोज संध्याकाळी एक लिव्हर दाबायला लावायचास, आठवतंय? बाकावरच्या व्हाइसच्या जबड्यात घट्ट आवळलेला. कधी वर करायचास, कधी खाली. "आता दाब. आता? दुखतंय? आता?" मी म्हणायचे, डॉक्टरनं बॉल दाबायला सांगितलाय, तू लिव्हर काय दाबायला लावतोस? तू म्हणालास, एकच आहे, व्यायाम आहे. मला व्यायामच वाटला. तू माझं माप घेत होतास.

म्हणजे गाडी माझीच होती. पडल्यानंतरसुद्धा माझीच होती. माझ्या मोडक्या हातासकट माझी होती. आणि मग कधीतरी त्या पंधरा दिवसांत तू घाबरलास.

मी हे वाक्य लिहून पाच मिनिटं बसलेय. खोडणार नाही.

थांब, पण माझं रडगाणं इथं संपत नाही. इथं संपलं असतं तर मी काल तुझ्या गळ्यात पडले असते आणि आईला टपालखात्यातून सुट्टी मिळाली असती. पुढं ऐक.

टॉवेल पडला. मी सुटले, आयुष्यात सुटले नव्हते अशी. आणि तरी माझ्या पुढं कोणीतरी होतं. दत्तू. माझ्या डबड्यावर! दर वेळी शेवटी सुटणारा दत्तू माझ्या जुन्या गाडीवर माझ्याआधी सुटला. पहिली फेरी तो पुढं. दुसरी फेरी तो पुढं. सरळ पट्ट्यात मी जवळ जायचे, तुझं इंजिन नुसतं ओढायचं, आणि वळणावर तो परत निसटायचा. त्या म्हशीला तो कसा वळवत होता, मला माहीत नाही. ती गाडी मी तीन वर्षं चालवतेय आणि तिला तसं वळता येतं हे मला काल कळलं. शेवटच्या सरळ पट्ट्यात इंजिनानं मला पुढं नेलं. मी नाही गेले. मला नेलं.

तो माझ्या बाजूला येऊन थांबला, हेल्मेट काढलं, तोंडभर माती. मला वाटलं चिडलाय. तो हसत होता.

"काय मॅडम, जिंकली ना? घ्या. पन एक सांगू? तुमच्या गाडीचा क्लच लय भारी."

मी म्हटलं, "क्लच? त्याला काय झालंय?"

"हात ठेवला की सापडतो ना! वर हाय, लांब हाय. निळीचा म्हंजे..." त्यानं मनगट खाली मुडपून दाखवलं, बदकाच्या मानेसारखं. "असं करून धरावं लागतं. सोडायचा तर हातच येळेवर उघडत नाय. तोवर सगळे पुढं."

"मग नवनाथला सांगितलं का नाहीस?"

"मला काय माहीत? मला वाटलं रेसची गाडी अशीच असती. नवनाथभाऊनं बनवली म्हंजे काहीतरी इचार करूनच बनवली आसंल ना?"

विचार करूनच बनवली होती. हो.

चार महिने, दादा. चार महिने तो मुलगा दुसऱ्याच्या हाताच्या मापाची गाडी चालवत होता, स्टार्टला मागं पडत होता, आणि मग सगळ्यांना ओलांडत होता. मला ओलांडत होता. आणि मी म्हणत होते, नाटकं करतो. त्यानं जी गाडी घेऊन मला हरवलं ती माझ्यासाठी बनवलेली होती. त्याला मिळाली म्हणून मी जळत होते. आता मी कशावर जळू? गाडीवर जळणं सोपं होतं. गाडी काय, आज ना उद्या मिळते. तो वळणावर जे करतो ते तू व्हाइसमध्ये बसवून नाही बनवू शकत. माझ्यासाठी पण नाही.

बघ, आलं शेवटी कागदावर. तो माझ्यापेक्षा चांगला आहे. कालच्या अख्ख्या मैदानात हे मला एकटीलाच कळलं असेल. त्याला स्वतःला कळलेलं नाही. तो संध्याकाळी व्हिडिओ टाकून मोकळा, "मॅडमनी आज धुतला आपल्याला." खाली लोकांनी लिहिलंय, गाडीच होती रे. मी एकेक वाचलं. एकदा तिथं लिहायला घेतलं, नाही, गाडी नव्हती. मग पुसलं. तेवढी मोठी मी अजून झालेली नाही.

एक विचारायचंय. गाडी त्याला दिलीस, ठीक. मग लिव्हर का नाही बदललास? दहा मिनिटांचं काम आहे. तुझ्याकडून ते विसरलं गेलं असेल असं मला कोणी सांगितलं तर मी हसेन. तू दुसऱ्याच्या गाडीचा आरसा वाकडा दिसला तरी सिग्नलला हात लांबवून सरळ करतोस. तू त्याला गाडी दिलीस, पण माझ्याकडून काढून घेतली नाहीस, असंच ना? मला द्यायची हिंमत नाही आणि त्याला पूर्ण द्यायची इच्छा नाही. आम्ही दोघं चार महिने त्या मधल्या जागेत गोल गोल फिरतोय, डावीकडे.

आणि काल मी निघताना लंकाबाईंनी मला हाक मारली. म्हणाल्या, "पोरी, एक सांगू का? राग नको धरू. तुझा भाऊ बाकीच्यांच्या टायमाला कुंपनावर चढून बघतो. तुझी फेरी आली का पाठ करून रस्त्याकडं तोंड करतो. तू पडली होती ना, तवापासून. आज बी तसाच हुबा होता."

मी म्हटलं, "मला बघायचं नसेल त्याला."

त्या म्हणाल्या, "येडी का काय तू? त्याचे हात बघायचे व्हते. टॉवेल माझा खाली अन् पीळ तो देत व्हता, स्वतःच्या शर्टाला."

मला हे कळून बरं वाटायला हवं होतं. मला आणखी राग आला. तुला भीती वाटते, ती तुझी आहे, दादा. तिची किंमत माझ्या गाडीनं का चुकवायची? मी पडले तेव्हा हाड माझं मोडलं. मी परत बसले. तू अजून पडलेलाच आहेस.

म्हणून मी आज काय केलंय ते सांगते, म्हणजे आल्यावर शोधाशोध नको.

निळीचा कापलेला लिव्हर मी काढलाय. तुझ्या मांडणीवरच्या डब्यात पूर्ण लांबीचा नवीन होता, तो बसवलाय आणि वर वळवलाय, दत्तूच्या हाताच्या अंदाजानं. काल त्यानं हात मुडपून दाखवला तेव्हा मी नीट पाहिला होता. हात मोठा आहे त्याचा. केबल सैल सोडलीय, ती तू बघून घे. स्प्रिंग मला बदलता आली नाही, ती मऊच आहे, त्याला कडक लागेल. आज बदल. दहा मिनिटांचं नसलं तरी तासाभराचं काम आहे.

कापलेला लिव्हर माझा आहे. तो मी घेऊन चाललेय. जिन्याखालच्या गाडीला आज संध्याकाळी मीच बसवणार, मनगटाला हवा तसा खाली वळवून. तू खाली उतरून बघू नकोस. बघायचं असलं तर रविवारी बघ.

हे मी मोठ्या मनानं करतेय असं समजू नकोस, आणि आईला तर तसं मुळीच सांगू नकोस. ती लगेच दत्तूच्या डब्यात माझ्या नावानं काहीतरी गोड घालेल. मला फक्त एक सहन होत नाही. त्यानं मला माझ्या मापाच्या गाडीवर हरवलेलं. हरवायचं असेल तर त्याच्या मापाच्या गाडीवर हरवू दे. म्हणजे स्टार्टला तो पुढं सुटेल, सगळ्या फेऱ्या पुढं राहील, आणि मी मागून त्याची माती खाईन. पण मग ती माती नक्की त्याचीच असेल. आत्ता ती कोणाची आहे तेच कळत नाही.

आणि कोणी सांगावं, दुखणं नसलेल्या हातानं मी कुठवर जाते. ते मलाही माहीत नाही. मे महिन्यापासून मी स्वतःलाच नीट चालवलेलं नाही.

तुला मला नवीन गाडी बनवून द्यायची असेल तर दे. नसेल तर नको देऊ. पण माझ्यासाठी म्हणून बनवून दुसऱ्याला देणार असशील तर बनवूच नकोस. आणि घाबरायचं असेल तर माझ्याकडे तोंड करून घाबर. पाठ करून घाबरलास की मला दुरून ते वेगळंच दिसतं, आणि मी चार महिने तेच बघत होते.

दत्तूला यातलं काही सांगू नकोस. लिव्हर बदलला कोणी म्हणून विचारलं तर म्हण, मीच बदलला. त्यानं मला थँक्यू म्हटलेलं मला चालणार नाही. मी त्याला सावकाश, माझ्या सोयीनं आवडून घेईन. या वर्षी तरी नाही.

उज्वला मॅडमचा आरसा बाकावर ठेवलाय, त्या पाचला येतील.

तुझी स्कूटर बिटकोच्या चौकात वळली, ऐकू येतेय. तिचा सायलेन्सर फुटलाय, तो आधी बघ, मेकॅनिकला शोभत नाही. मी मागच्या दारानं निघतेय. थांबले तर तू काहीतरी समजुतीचं बोलशील, आणि मला ते पटेल, आणि मग मी तुला लिव्हर परत देईन. देणार नाही म्हणून जातेय. चावी मात्र माझ्याकडेच ठेवतेय.

शटर अर्धं उघडं आहे. तू आत येईपर्यंत मी गल्लीच्या पार झालेली असेन.

तुझ्यावर अजून रागावलेली, आणि दिवाळीनंतर पहिल्यांदाच तुझी म्हणून लिहिणारी,

सृष्टी